पळसबांधची पाळ

पळसबांधच्या ग्रामपंचायतीसमोर २०४३ च्या मार्चपासून एक पडदा लागला होता. सकाळी चहाला जमणारी माणसं एकमेकांना रामराम करण्याआधी विचारत, "आज कोणतं साल?"

आदल्या दिवशी तलावाच्या गाळातून जे वाचलं गेलं, ते सकाळी सात वाजता पडद्यावर उमटे. १९७१: शिंगाडा भरपूर, मरळ मासा कमी. १९६५: पाणी आटलेलं, काठावर देवधान, म्हणजे रानभात, माजलेलं. १९४३: हिवाळ्यात आलेली बदकं नेहमीच्या दुप्पट. साल रोज पाच-सहा वर्षांनी मागे जाई. देवचंदच्या चहाच्या टपरीवर उद्याच्या सालाबद्दल पानाच्या पैजा लागत. म्हातारी माणसं आपलं जन्मसाल कधी येतं याची वाट बघत, आणि ते आलं की नातवंडांना घेऊन पडद्यासमोर उभी राहत.

वनमाला गहाणे मात्र तिकडे फिरकत नसत. घराच्या ओट्यावरून पडदा दिसायचा. त्या पडद्याकडे पाठ करून बसत.

वनमालाबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. गावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं, आणि तेवढीच वर्षं खपून पळसबांध तलावाचा इतिहास लिहिला. तीनशे वर्षांपूर्वी कोहळी लोकांनी डोंगराच्या दोन टोकांमध्ये दोन हजार फूट लांब मातीची पाळ घातली आणि ओढ्याचं पाणी अडवलं. त्या पाण्यावर धान पिकला, ऊस पिकला, गाव वसलं. पुढे गावाची मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करायची आणि तलावाचा कारभार बघायची सत्ता, गहाण्यांच्या घराण्यात आली. हे सगळं बाईंच्या पुस्तकात होतं. पुस्तकाचं पहिलंच वाक्य शाळेतल्या मुलांना पाठ होतं: "तीनशे वर्षांत पळसबांधच्या पाळीला कधी तडा गेला नाही."

पुस्तक निघाल्यापासून तलावाबद्दल कुणालाही काही विचारायचं असलं, की तो बाईंच्या ओट्यावर येई. पत्रकार आले, पक्षी बघणारे आले, एकदा एक मंत्रीही येऊन गेले. म्हणूनच नागपूरहून डॉ. रेणुका सोमकुवर गाळवाचक यंत्र घेऊन आल्या, तेव्हा त्या बाईंच्याच घरी उतरल्या. सरकारला तलावाचा सांडवा अडीच फूट उंच करायचा होता. जास्तीचं पाणी ज्या दगडी उंबऱ्यावरून बाहेर पडतं, तो उंबराच वर न्यायचा, म्हणजे तलावात पाणी अधिक साठेल. त्याआधी तलावाची जुनी कुंडली बघायचं काम रेणुकाकडे होतं.

पहिल्या दिवशी जेवताना रेणुकाने सगळं समजावून सांगितलं होतं. "तलावाच्या तळाशी दर पावसाळ्यात गाळाचा एक पातळ थर बसतो. बोटाच्या जाडीत दोन सालं मावतात. त्या थरात त्या वर्षीचं सगळं अडकलेलं असतं. फुलांचे पराग, राख, माशांच्या आणि पाखरांच्या पेशींचे तुकडे. आम्ही लांब नळी दाबून गाळाचा उभा काप काढतो, यंत्र तो थराथराने वाचतं. पूर्वी या कामाला दोन वर्षं लागायची. आता महिना."

"म्हणजे माझं पुस्तक तपासायला आलात," बाई हसून म्हणाल्या.

"तुमच्या पुस्तकाला आधार द्यायला आले," रेणुका म्हणाली. बाईंना ती मुलगी फार आवडली.

पण नळी दाबायला तलावाच्या मध्यावर जावं लागे, आणि त्यासाठी डोंगा लागे. डोंगा होता फुलवंता मारबतेचा.

फुलवंता ढिवराची, म्हणजे मासेमारांच्या जातीतली. पाळीच्या उत्तरेला, पायथ्याशी ढिवरांची तेवीस घरं होती, त्यातलं एक तिचं. ती आणि वनमाला चौथीपर्यंत एका वर्गात होत्या. एकदा गुरुजींनी तलावाचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा सगळ्या मुलांनी कमळं आणि बगळे काढले. फुलवंताने पाण्याखालची जमीन काढली: कुठे खोल, कुठे उथळ, कुठे जुना ओढा वाहायचा ती नागमोडी रेघ. गुरुजींनी ते चित्र भिंतीवर लावलं आणि ते वर्षभर तिथेच राहिलं. चौथीनंतर फुलवंताची शाळा सुटली. वनमालाला तेव्हा बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याची आठवण पुढे पन्नास-पंचावन्न वर्षं तिच्या मनात कुसळासारखी राहिली.

रेणुका रोज पहाटे फुलवंताच्या डोंग्यातून मध्यावर जाऊ लागली. वनमालाबाई आयुष्यात कधी तिथे गेल्या नव्हत्या. लहानपणी ढिवराच्या डोंग्यात बसायला घरून बंदी होती, आणि मोठेपणी कुणी बस म्हटलं नाही. तलावावर तीनशे पानं लिहिणाऱ्या बाईने तलाव फक्त काठावरून पाहिला होता.

आठवड्याभरात रेणुकाच्या बोलण्यात फुलवंता येऊ लागली, आणि गाळाचं वाचन १९३८ पर्यंत पोचलं त्या दिवशी तर जेवताना दुसरा विषयच नव्हता.

"फुलाबाई म्हणाल्या होत्या, त्यांच्या आजीच्या काळी एकदा सगळी कमळं मेली होती. आज गाळात तेच सापडलं. १९३८. दोन वर्षं कमळाचा एकही पराग नाही." तोंडात घास तसाच ठेवून ती पुढे म्हणाली, "तुमच्या पुस्तकात हे नाहीये ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "भाजी घे आणखी."

मग रेणुका दुपारचं जेवायलाही येईनाशी झाली. फुलवंताकडे झिंगे आणि अंबाडी खाऊन येई. बाई वाढलेलं ताट झाकून ठेवत आणि दोन वाजता स्वतःच खात. टपरीवर देवचंद आता सांगू लागला होता, "पडद्यावरचं समजलं नाई त फुलाबाईले विचारा." ओट्यावर कुणी येईना. बाईंनी आपल्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती कपाटाच्या वरच्या कप्प्यातून काढून खाली ठेवल्या, पुसल्या, आणि परत वर ठेवल्या.

महिना संपत आला तेव्हा पडद्यावर साल आलं १९१२. त्या सकाळी टपरीवरचा गलका ओट्यापर्यंत ऐकू आला. बाईंना मान वळवून पडद्याकडे बघावंच लागलं.

१९१२: वीतभर जाडीचा वाळूचा थर. त्यानंतर तीन सालं माशांचा मागमूस नाही. पाणवनस्पती नाहीत. तलाव कोरडा असावा.

रेणुका धावतच घरी आली. तिच्या मागून फुलवंता, ओला पदर खोचलेली, अंगणाच्या फाटकाशीच थांबली.

"बाई, एवढी वाळू एकदम येते ती पाणी जोरात निसटलं तरच. पाळ फुटली असणार. फुलाबाईंनी मला हे पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, मी लिहूनही ठेवलं होतं. तीन सालं ढिवर चुलबंद नदीवर जगले म्हणून."

"माया आजीले तिची माय सांगे," फुलवंता फाटकातूनच म्हणाली. "मोहाच्या झाडाखाली पाळ फुटली. सात माणसं गेली."

"बाई, तुमच्याकडे जुने कागद आहेत," रेणुका म्हणाली. "कुठे काही उल्लेख? फुटलेली जागा नक्की कळायला हवी. घाईघाईने बुजवलेली पाळ आताच्या पाण्याला टिकली असेल, पण अडीच फूट जास्तीचं पाणी ती सोसेल का, सांगता येत नाही."

वनमालाबाई म्हणाल्या, "असा कागद माझ्या बघण्यात नाही."

कागद आतल्या खोलीत, लोखंडी पेटीत, रेशमी साडीच्या घडीत होता. चौदा वर्षांपूर्वी तो बाईंना सापडला होता. पणजोबा दाजीबा गहाणे यांनी आपल्या थोरल्या भावाला लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं पत्र. बाईंना ते तोंडपाठ होतं. "उसाला पाणी पुरावे म्हणून सांडवा दीड हात चढविला. ढिवरांच्या म्हाताऱ्याने दोनदा येऊन सांगितले, पाळ सोसणार नाही. मी त्यास हाकलून दिले. महादेवाच्या पायऱ्यांपासून उत्तरेस ऐंशी पावलांवर पाळ गेली. सात माणसे, सर्व ढिवर. बुजविताना माती नीट तुडविली गेली नाही, घाई फार होती." पुस्तक लिहिताना बाईंनी तो कागद तीन रात्री उशाशी ठेवला आणि चौथ्या दिवशी पेटीत टाकला.

रेणुकाने पाळीत भोकं पाडायची परवानगी मागितली. सहा भोकं मिळाली; जास्त पाडली तर पाळच कमकुवत होईल, असं खात्याचं म्हणणं पडलं. बुजवलेली मातीही त्याच शिवारातली, त्यामुळे वरून कुठल्याही यंत्राला ती वेगळी दिसणार नव्हती. ओळखायचा उपाय एकच होता. मातीच्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं, हे गाळवाचकाला कळे. ऊन बंद झालं की कणाच्या आत एक घड्याळ सुरू होतं, असं रेणुका सांगे. मूळ पाळीतल्या मातीने तीनशे वर्षांत ऊन पाहिलेलं नव्हतं. बुजवलेल्या मातीने १९१२ च्या सुमारास पाहिलं असेल.

"मोहाखाली म्हणजे कुठे?" तिने फुलवंताला विचारलं.

फुलवंता सगळ्या गावाला घेऊन पाळीच्या दक्षिण टोकाला गेली. तिथे मोहाचं वठलेलं खोड होतं. "हाच तो मोह," ती म्हणाली. "आजी मले इथंच आनून दाखवे."

वनमालाबाईही गेल्या होत्या. महादेवाच्या देवळाच्या पायऱ्या तिथून पंधराशे फूट उत्तरेला होत्या. फुलवंताचा हात चुकीच्या जागेकडे होता, हे त्या एकट्यांना माहीत होतं. जुना मोह उत्तरेला असणार, तो पाळीबरोबर वाहून गेला असणार, आणि पुढच्या पिढीने ते नाव दुसऱ्या मोहाला दिलं असणार. तोंडी आठवण अशीच सरकते, असं त्यांनी स्वतःच्याच प्रस्तावनेत लिहिलं होतं. त्यांच्या छातीत काहीतरी उबदार हललं. त्या काही बोलल्या नाहीत.

सहाही भोकं त्या खोडाभोवती पडली. ऊन लागू नये म्हणून काळ्या बाहीत गुंडाळलेली माती निघाली, यंत्राने वाचली, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर निकाल आला. सगळीकडे तीनशे वर्षं. कुठेही तोडजोड नाही.

"फुलाबाईची आजी झोपेत बोलली असंल," टपरीवर कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. रेणुकाने अहवालात लिहिलं की पाळ फुटल्याचा पुरावा पाळीत मिळाला नाही. वाळूचा थर मोठ्या पुराचा असू शकतो. त्या दुपारी ती बाईंकडे जेवायला होती. बाईंनी पाटवड्या केल्या. रेणुकाने दोनच खाल्ल्या, पण बाईंना खूप दिवसांनी भूक लागली होती.

दोन दिवसांनी फुलवंता ओट्यावर आली. पन्नास वर्षांत ती पहिल्यांदाच फाटकाच्या आत आली होती. बाईंनी बस म्हटलं तरी ती बसली नाही.

"वनमाला, तू शिकलेली हायेस," ती म्हणाली. "तुया कागदात बरोबर पायलंस ना वं?"

"पाहिलं."

"कायीच नाई?"

"नाही."

"मंग आजी मले खोटी सांगत होती का? ते सात नावं मले पाठ हायेत. पोरगी असताना झोपाच्या आधी म्हणाले लावे. मी माया नातीलेही शिकवली." ती जायला वळली. "आता नातीले सांगतो, इसर म्हणून."

ती गेल्यावर बाई आत जाऊन पेटीजवळ उभ्या राहिल्या, आणि पेटी न उघडता बाहेर आल्या.

त्यानंतरच्या दिवसांत लोक पुन्हा ओट्यावर येऊ लागले. बाईंना हवं होतं ते सगळं परत मिळालं. पण एक गोष्ट त्यांनी अपेक्षिली नव्हती. तलावाबद्दल कुणी फुलवंताला काही विचारलं, की ती म्हणे, "मले का ठाव? बाईच्या पुस्तकात हाय तेच खरं." ती ते टोचून म्हणत नव्हती. तिने मनापासून मान्य करून टाकलं होतं. देवचंदने हे बाईंना कौतुकाने सांगितलं, आणि बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. आयुष्यभर जिच्याशी मनातल्या मनात भांडण केलं, ती न भांडताच बाजूला झाली होती. तिचा हेवा करायला आता काही उरलं नव्हतं. आणि हेवा गेल्यावर त्या जागी जे दिसू लागलं, त्याकडे बाईंना बघवेना. पाळीच्या उत्तरेला, महादेवाच्या पायऱ्यांपासून ऐंशी पावलांवर, बरोबर पायथ्याशी, तेवीस घरं होती.

सांडव्याच्या कामासाठी ग्रामसभा भरली. समाजमंदिरात सकाळी अकरा वाजता माणसं मावत नव्हती. खात्याचे अभियंता परिहार यांनी नकाशा दाखवला आणि म्हणाले, "पाळीच्या मजबुतीबद्दल कुणाला शंका नको. यंत्राचा अहवाल आहेच. शिवाय तुमच्याच गावच्या गहाणे बाईंनी लिहून ठेवलंय." त्यांनी अहवालाला जोडलेलं पान मोठ्याने वाचलं. "तीनशे वर्षांत पळसबांधच्या पाळीला कधी तडा गेला नाही." मग ते म्हणाले, "आता मत घेऊ."

हात वर होऊ लागले. दाराजवळ ढिवरांच्या बायका बसल्या होत्या. त्यांनी फुलवंताकडे पाहिलं. फुलवंताने हात वर केला, तेव्हा त्यांनीही केले.

वनमालाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या. लोकांना वाटलं त्या बोलणार. पण त्या माणसांतून वाट काढत बाहेर गेल्या आणि उन्हात घराकडे चालू लागल्या. सभेत कुजबुज झाली. परिहारांनी हातांची मोजणी सुरू केली, ती संपायच्या आत बाई परत आल्या. त्यांचा श्वास लागला होता. हातात घडी पडून पिवळा झालेला कागद होता.

"मत घ्यायच्या आधी हे ऐका," त्या म्हणाल्या. "हे माझ्या पणजोबांचं पत्र आहे."

त्यांनी ते सगळं वाचलं. म्हाताऱ्याला हाकलून दिल्याचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. सात माणसांची नावं पत्रात नव्हती. बाईंनी मान वर केली तेव्हा दाराकडून फुलवंता आवाज न चढवता एकेक नाव म्हणत होती. सातवं नाव संपल्यावर परिहारांनी मोजणीचा कागद बाजूला ठेवला.

त्याच दुपारी रेणुकाने परवानगी न मागता सातवं भोक पाडलं. महादेवाच्या पायऱ्यांपासून ऐंशी पावलं बाईंनी स्वतः मोजली. चौदा फुटांखालची माती काळ्या बाहीत बाहेर आली; बाहीच्या टोकाची चिमूट हातात घेताच भुगा झाली. निकाल यायला संध्याकाळ झाली. त्या कणांनी शेवटचं ऊन एकशे एकतीस वर्षांपूर्वी, म्हणजे १९१२ साली, पाहिलं होतं. परिहारांनी पायऱ्यांवर बसून तो आकडा स्वतः पडताळला. मग त्यांनी फोन काढला आणि सांडव्याचं काम थांबवायला सांगितलं. मे महिन्यात तलाव खाली घेऊन तेवढी पाळ उकलायची आणि पुन्हा बांधायची, असं ठरलं. तोवर तेवीस घरं शाळेत हलवली गेली.

रेणुका जाताना बाईंच्या पाया पडली. फाटकाशी थांबून एवढंच म्हणाली, "मी विचारल्यावर तुम्ही नाही म्हणालात, बाई. मी दुसऱ्या कुणाला विचारायचं होतं?"

बाई दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या. ज्या वर्गात त्या दोघी शिकल्या होत्या, त्याच खोलीत फुलवंताचा संसार मांडलेला होता. ती फरशीवर पाय पसरून फाटलं जाळं विणत होती. बाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"कागद कधी सापडला तुले?" फुलवंताने वर न बघता विचारलं.

सभेच्या आदल्या दिवशी, असं म्हणता आलं असतं. गावाने तसंच धरलं होतं.

"चौदा वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

फुलवंताची सुई थांबली, मग दोन गाठी पुढे गेली. "म्हणजे मी त्या मोहाच्या खोडाकडे हात केला, तवा तू मागंच उभी होतीस."

"होते."

"आनि तुले ठाव होतं, मी चुकतो हाय."

"होतं."

बाहेर मैदानात ढिवरांची पोरं खेळत होती. फुलवंताने जाळं मांडीवरून बाजूला ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहानपणी गणित अडलं की ती फळ्याकडे जसं बघे, तसं ती वनमालाकडे बघत होती.

"मी चुकली म्हणून तू कागद काढलास, वनमाला. तुले माई कीव आली. पण मले एक सांग. मी त्या दिवशी बरोबर जागा दाखवली असती, तिथं भोकं जरा इकडंतिकडं पडून माती सापडली नसती, आनि तरी सगळं गाव मायाच मागं राह्यलं असतं, तर फुलवंता खरी हाय म्हणून सांगाले तू हा कागद घेऊन आली असतीस का?"